आडनाव लिहायचे की नाही?

वलगावच्या आमच्या बुद्धविहारात रविवारची वंदना आटोपली, तरी एक पोरगा दाराशी घुटमळत होता. बाप गवंड्याच्या हाताखाली कामाला, पोराने मात्र इंजिनिअरिंग पूर्ण केलेले. खिशातून नोकरीचा अर्ज काढून तो म्हणाला, "काका, आडनाव नाही लिवलं तं चालन काय? आडनाव वाचलं का बलावतच नाई, असं पोट्टे म्हन्तात."

आम्ही पडलो कारकून. दुसऱ्यांचे अर्ज तपासण्यातच निम्मे आयुष्य गेले. पण या प्रश्नावर आमची जीभ अडली. पुढच्या रविवारी सांगतो, म्हणून वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र प्रा. सुखदेव थोरात आठवले.

थोरात सर आपल्याच अमरावती जिल्ह्यातील महिमापूरचे. तिथून ते तेव्हाच्या औरंगाबादेत बाबासाहेबांच्या मिलिंद महाविद्यालयात शिकायला गेले. मिलिंद ज्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे, तिलाच गाडगेबाबांनी पंढरपूरची आपली धर्मशाळा दिली होती. आणि त्याच गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ रोजी आमच्या वलगावजवळ, पेढी नदीकाठी देह ठेवला. असो, हे आमच्या गावाचे वेड झाले.

पुढे दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात त्यांनी अर्थशास्त्रात पीएच.डी. केली आणि तिथेच ते प्राध्यापक झाले. पोलंडमध्ये वॉर्साला जाऊन आर्थिक नियोजन शिकले. १९८९ ते १९९१ या काळात अमेरिकेतील आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीत पाहुणे प्राध्यापक होते. 'एक होता कार्व्हर' वाचलेल्यांना हे नाव ओळखीचे वाटेल. गुलामीत जन्मलेले जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर तिथलेच विद्यार्थी आणि तिथलेच पहिले काळे अध्यापक. २००६ ते २०११ थोरात सर विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते, २००८ मध्ये पद्मश्री मिळाली. आपल्या सभांतून त्यांची ही पदे टाळ्यांसाठी सांगितली जातात. त्यांनी केलेले काम सांगणारा क्वचित भेटतो. बरेचसे लेखन इंग्रजीत, तेव्हा दोष एकट्या वक्त्याचा नाही.

आमच्या पोराच्या प्रश्नाला उत्तर याच कामात आहे. न्यूयॉर्कचे प्रा. पॉल अ‍ॅटवेल यांच्यासोबत थोरात सरांनी वर्तमानपत्रांतील खाजगी कंपन्यांच्या जाहिराती जमवल्या. पदवीधरांच्या ५४८ जागांसाठी ६६ आठवड्यांत एकूण ४,८०८ अर्ज टाकले. माणसे बनावट, शिक्षण सारखे, अनुभव सारखा. जात कुठेही लिहिलेली नाही. फरक फक्त नावाचा: एक नाव उच्चवर्णीय हिंदूचे, एक दलिताचे, एक मुसलमानाचे. मग कोणाला बोलावणे येते ते मोजत बसले. उच्चवर्णीय नावाच्या मानाने दलित नावाला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश निघाली, मुसलमान नावाला तर एक तृतीयांशच. हा निबंध २००७ मध्ये छापून आला.

'गुणवत्ता नाही म्हणून घेतले नाही' हे वाक्य आपण पिढ्यान् पिढ्या ऐकत आलो. इथे तर मुलाखत झालीच नव्हती, मग गुणवत्ता पाहिली केव्हा? अमेरिकेत शिकागो आणि बोस्टन शहरांत असाच प्रयोग झाला, तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे गोऱ्या वाटणाऱ्या नावांना काळ्या वाटणाऱ्या नावांपेक्षा निम्म्याने जास्त बोलावणी आली. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतील काळ्यांचे नेते डु बॉइस यांना पत्र लिहून त्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली होती. आपले दुखणे जगात एकटे नाही हे त्यांनी तेव्हाच हेरले होते. थोरात सरांनी त्या दुखण्याचे माप काढले, आणि खाजगी क्षेत्रातही संरक्षण हवे ही मागणी आकड्यांनिशी मांडली.

पुढच्या रविवारी आम्ही पोराला हे सगळे सांगितले. तो गप्प ऐकत होता. शेवटी म्हणाला, "म्हन्जे पोट्टे खरंच सांगत होते."

खरेच सांगत होते. खोटे आम्हाला बोलवेना. आडनाव गाळ, असेही तोंडातून निघेना. कारण ते लपवले तरी मुलाखतीत, नाहीतर दाखल्यावर दिसणारच. आम्ही त्याला एवढेच म्हटले, की पाठवलेल्या प्रत्येक अर्जाची तारीख, कंपनी आणि उत्तर एका वहीत लिहून ठेव. विहारातल्या आणखी तिघा पोरांनीही अशा वह्या घातल्या आहेत. या पोराने पूर्ण नाव लिहून अकरा अर्ज टाकले. अजून एकाचेच उत्तर आले आहे.