ध्रुवाची जागा

आमची आजी ध्रुवबाळाची गोष्ट फार छान सांगते. उत्तानपाद राजाच्या मांडीवर ध्रुव बसला, तर सावत्र आई सुरुचीने त्याला खाली ओढले. तो रडत सुनीतीकडे गेला. मग वनात जाऊन त्याने तप केले आणि देवाने त्याला अढळपद दिले.

एवढी मोठी जागा मिळाली म्हणजे ध्रुव सर्वांत तेजस्वी असणार, असे मला वाटे. दिवाळीनंतर रात्री ईशान्येला एक ठळक पिवळसर तारा दिसायचा. तोच ध्रुव, असे मी वर्गात सांगून टाकले. गुरुजी रागावले नाहीत. म्हणाले, "आज दोन तास त्याच्यावर लक्ष ठेव." संध्याकाळी तो आंब्याच्या शेंड्यापाशी होता, जेवणे झाल्यावर पाहते तर पार वर चढलेला! तो ब्रह्महृदय निघाला. मुले मला आठवडाभर 'ब्रह्महृदय' म्हणून चिडवत होती.

पृथ्वी फिरते म्हणून तारे सरकतात. खोडदच्या 45 मीटर रुंदीच्या तबकड्यासुद्धा म्हणूनच आकाशातल्या वस्तूमागे हळूहळू वळतात.

खरा ध्रुव मला वैशाखात सापडला. सप्तर्षींतल्या पुलहाकडून क्रतूकडे रेघ काढायची आणि तेवढीच पाच वेळा पुढे न्यायची. ओतूरच्या बाजूला, मध्यम तेजाचा, एकटाच. हात लांब करून मूठ धरली की सुमारे दहा अंश होतात. ध्रुव दोन मुठींना थोडा कमी भरला. आपल्या नारायणगावचे अक्षांश 19 आहेत, तेवढीच त्याची उंची! त्याचा उजेड इथे पोचायला चारशेहून जास्त वर्षे लागतात. म्हणजे 1630 साली शिवनेरीवर शिवराय जन्मले, त्याच्याही आधी तो निघालेला.

ध्रुवाच्या सात ताऱ्यांच्या पुंजाला ध्रुवमत्स्य म्हणतात. ग्रीक लोकांना तिथे छोटे अस्वल दिसले. आजी म्हणते, "एवढ्या लांब शेपटीचं अस्वल कुठं असतंय व्हय!" बाजारपेठेच्या उजेडात त्यातले तीनच तारे दिसतात, मळ्यातून सातही दिसतात. ध्रुवाखेरीज जे दोन ठळक आहेत, ते त्याचे पहारेकरी.

आमच्या उसाला रात्रीची लाईट असते. आण्णा दारं धरायला जातात. वस्तीवरची एक शेळी बिबट्याने नेली, तेव्हापासून मला बरोबर नेत नाहीत. मी स्लॅबवर बसते. ऊस घराच्या उत्तरेला आहे, त्यामुळे आण्णांची बॅटरी बरोबर ध्रुवाच्या खाली हलताना दिसते.

एके रात्री ती दिसेनाशी झाली. मी हाका मारल्या, पण मोटारीच्या आवाजात काही ऐकू जाईना. आजी जपमाळ घेऊन दारात बसली. नऊ वाजता पहारेकरी ध्रुवाच्या उजवीकडे होते. ते वर सरकत सरकत त्याच्या डोक्यावर आले, म्हणजे पहाटेचे तीन वाजत आले. तरी ध्रुवाखाली अंधारच होता.

मग बांधावरून खोकला ऐकू आला. आण्णा चिखलाने माखले होते.

"पाट फुटला होता. बॅटरीचं चार्जिंगबी संपलं," ते म्हणाले. "तू झोपली नाहीस का गं?"