गोठणाऱ्या मातीचा आकृतिबंध

मर्ढेकरांच्या लयतत्त्वातील संवाद, विरोध आणि समतोल ह्या संज्ञा मी वर्षानुवर्षे शिकवत आलो. त्यांतल्या विरोधाचा अर्थ मला नव्याने उमगला तो एका अनपेक्षित वाचनातून. डोनाल्ड वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या शतकाच्या आरंभी उत्तर अलास्कापासून कॅनडातील एलेफ रिंगनेस बेटापर्यंत टुंड्राचा अभ्यास केला, त्याविषयीचे ते लेखन होते.

तिथे उघड्या मातीची वर्तुळे दिसतात आणि त्यांच्या भोवती शेवाळ व खुरटी झुडपे. ती कुणी आखलेली नाहीत. जमीन गोठू लागली की खालचे पाणी थंडीकडे ओढले जाते, बर्फाचे थर साचतात, माती फुगते. उघड्या मध्यभागी हे अधिक घडते, तिथे रोपे तग धरत नाहीत; म्हणून तो उघडाच राहतो. कडेचे शेवाळ मात्र जमिनीवर पांघरूण होऊन फुगवटा रोखते.

अतिउत्तरेस वनस्पती इतक्या विरळ की हा विरोध फारसा उभा राहत नाही. दक्षिणेस हिरवळ वर्तुळांना झाकून टाकते. आकृती सर्वांत ठळक होते ती मधल्या पट्ट्यात.

आर्क्टिक तापते आहे, अनेक ठिकाणी हिरवळ वाढते आहे. वरवर पाहता हा बहरच. पण विरोध मिटला की समतोल साधतो, ह्या आपल्या समजुतीला ही माती दुजोरा देत नाही. विरोधाबरोबर तिथे आकृतीही मिटते.