मागच्या वर्षीचा गॅस

मिस्त्रींनी पाइपाच्या नटाला पाना लावला तेव्हा मी दोन पावलं मागे सरलो. आता जोरात फस्स होणार, गार वाफ उडणार, अशी माझी समजूत. काहीच झालं नाही. नट फिरला, पाइप सुटला आणि आतून काळपट तेलाचा एक थेंब माझ्या चपलेवर पडला.

"गॅस कधीच गेलाय साहेब. नुसता सांगाडा राहिलाय," मिस्त्री म्हणाले.

गाडी बाबांची. प्रीमियर पद्मिनी, 1986ची. घरात तिला पद्मिनी कुणी म्हटलं नाही, ती फियाटच. 1991च्या मे महिन्यात ताईचं लग्न मुंबईला ठरलं, आणि "नवरी घामाने निथळत कार्यालयात उतरणार का?" या आईच्या एका प्रश्नापुढे बाबांनी हात टेकले. बाहेरून एसी बसवून घेतला. गिअर स्टिअरिंगला असल्याने खाली मधली जागा मोकळी होती, तिथे डॅशबोर्डखाली एक काळा खोका आला. पुढच्या सलग सीटवर मधे बसणाऱ्याचे, म्हणजे माझे, गुडघे त्याला लागायचे. रेडिएटरच्या पुढे कंडेन्सर, इंजिनाच्या कुशीला ओतीव लोखंडाचा कंप्रेसर. इंजिन बिचारं 1089 सीसीचं, चाळीसेक हॉर्सपॉवरचं. कंप्रेसरचा क्लच 'टक्' करून लागला की गाडीला उचकी लागायची.

बाबा बँकेत होते. एसीचे त्यांचे नियम लेजरइतके पक्के. मार्च ते जून एवढाच चालवायचा. गाडीत किमान तिघं हवीत. मुंबईहून पुण्याला परतताना खोपोली आली की बंद, कारण घाट चढताना तापमानाचा काटा वर सरकायला लागायचा. मग चारही काचा एकदम खाली, पुढच्या दारांच्या तिकोनी काचा फिरवून वारा सरळ छातीवर घ्यायचा. त्या तिकोनी काचा मोटारींतून गेल्या, ही मला आजही शुद्ध चूक वाटते. एसीने जेवढं सुख दिलं, त्याहून थोडं जास्तच त्यांनी दिलं.

आणि दर मार्चमध्ये गॅस भरायचा. बाबांच्या खर्चाच्या डायऱ्यांत ही नोंद ठरलेली असायची: 'फियाट, गॅस'. विजेचं बिल पाच रुपयांनी वाढलं तर मीटरपाशी जाऊन उभे राहणारे बाबा; पण मागच्या वर्षी भरलेला गॅस गेला कुठे, हे त्यांनी कधी विचारलं नाही. आम्हीही नाही. गॅस पेट्रोलसारखा संपतो, असंच आम्ही धरून चाललो होतो.

एसीतला गॅस संपत नसतो. तो त्याच बंद नळ्यांतून फिरत राहतो. कंप्रेसर त्याला दाबतो, कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकून पातळ होतो, खोक्यातल्या कॉइलमध्ये पुन्हा वायू होताना गाडीतली उष्णता ओढून घेतो. कमी झाला म्हणजे गळला, एवढाच त्याचा अर्थ.

कुठून गळला, तेही मिस्त्रींनी दाखवलं. कंप्रेसर बाकावर घेऊन त्यांनी क्लच उतरवला. दांड्याभोवती तेल आणि धुळीचा काळा लेप साचला होता. तो चिंधीने पुसल्यावर सील दिसलं, कडक झालेलं, एका बाजूला केसाएवढी चीर.

"बारा महिने चालवत नव्हता ना? हे सील तेलावर जगतं. थंडीतसुद्धा आठवड्याला दहा मिनिटं एसी लावायचा, म्हणजे तेल फिरतं. बंद ठेवला की सुकतं."

म्हणजे आठ महिने एसी बंद ठेवून बाबांनी जी काटकसर केली, तीच दर मार्चला त्यांना गॅसवाल्याकडे घेऊन जात होती. हे त्यांना सांगायला हवं होतं. डायरी पुढे ओढून त्यांनी हिशेब मांडला असता.

तो गॅस म्हणजे आर-12. 1974 साली कुर्ल्याच्या कारखान्यातल्या फियाटला पद्मिनी हे नाव मिळालं, त्याच वर्षी मोलिना आणि रोलंड या दोघांनी दाखवून दिलं होतं की, असले वायू पार वर जाऊन फुटतात आणि त्यांतला क्लोरीन ओझोन खातो. 1987 साली मॉन्ट्रियलचा करार झाला, भारत त्यात 1992मध्ये आला. 2010पासून आपल्याकडे हा गॅस बंद. पण एकदा सुटलेला आर-12 हवेत साधारण शंभर वर्षं राहतो. ताईला आता नात आहे. तिच्या लग्नातल्या गारव्यातला बराचसा भाग अजून वरच असणार.

काढलेलं सगळं सामान भंगारवाल्याने तोललं, सव्वीस किलो भरलं. त्यानंतर आठवडाभर गाडी अशी हलकी पळाली की नवा एसी नकोच, असं ठरत आलं होतं. पण आई ब्याऐंशीची आहे, आणि मे महिना आता पूर्वीचा राहिलेला नाही. नाना पेठेतून सामान आणलं. नवा गॅस आर-134ए. त्याचं जुन्या तेलाशी जमत नाही, म्हणून पाइप, ड्रायर, कंडेन्सर, कंप्रेसर सगळं नवं. कंडेन्सरपुढे विजेचा पंखा लावला. खोका मात्र तोच ठेवला, आतली कॉइल तेवढी बदलली. मिस्त्रींनी अर्धा तास व्हॅक्यूम मारला, पंप बंद करून चहा पिऊन आले, काटा जागचा हलला नव्हता. मग गॅस तोलून भरला. हा ओझोनला धक्का लावत नाही. तापमानवाढीच्या खात्यात मात्र कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून जास्त भरतो. तेव्हा यालाही बाहेर सोडून चालणार नाही.

बाबांच्या डायऱ्या काढून मोजलं. 1992 ते 2004, 'फियाट, गॅस'च्या तेरा नोंदी. गळती शोधल्याची एकही नाही.

बॉनेटच्या आतल्या बाजूला मी कागद चिकटवलाय: 134ए, 650 ग्रॅम, 12 एप्रिल. दर रविवारी दहा मिनिटं एसी लावतो, डिसेंबरातही. आई शाल घेऊन बसते. तुमच्याकडे जुनी गाडी असेल आणि कुणी "थोडा गॅस मारून देतो" म्हणालं, तर आधी त्याला गळती शोधायला सांगा.