सपरीतली जागा

दूर पल्ल्याचा सायकल प्रवास हा स्वावलंबनाचा नमुना समजला जातो, कारण स्वार स्वतःच्या पायांच्या बळावर जातो आणि कपडे, पाने-पकडी, पंक्चरचे सामान असे सारे कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना बांधलेल्या पिशव्यांतून वाहून नेतो. पाणी मात्र त्याला दोन-तीन बाटल्यांपलीकडे नेता येत नाही, आणि भर दुपारी त्या रिकाम्या झाल्या की उरलेला दिवस अनोळखी माणसांच्या हाती जातो. मोटारीतल्या प्रवाशाला गाव खिडकीतून दिसते. सायकलस्वाराला गावातून कोणी मारलेली हाक ऐकू येते, आणि ती ऐकून थांबणे त्याला शक्यही असते.

या दृष्टीने भंडारा जिल्ह्यातील एक दिवस पाहण्यासारखा आहे. नागपूरहून पहाटे निघालेला स्वार सुमारे ६० किलोमीटर कापून भंडाऱ्यास पोहोचतो, कारध्याला वैनगंगा ओलांडतो आणि लाखनीमार्गे साकोलीची वाट धरतो. पूर्वी ६ क्रमांकाचा म्हणून ओळखला जाणारा आणि आता ५३ क्रमांकाचा झालेला राष्ट्रीय महामार्ग तो हाच. महामार्गावर ढाबे आहेत, पैसे दिले की जेवण मिळते, आणि तेवढ्यावर तो व्यवहार संपतो. परंतु स्वाराने कोका अभयारण्याच्या कडेचा किंवा खाली पवनीकडे जाणारा रस्ता धरला, की थोड्याच वेळात एखादा तलाव लागतो आणि व्यवहाराचे स्वरूप पालटते.

हा तलावांचा जिल्हा आहे. येथील जुन्या तलावांना ‘मामा तलाव’ म्हणतात. ‘माजी मालगुजारी’ या शब्दांच्या आद्याक्षरांतून हे नाव तयार झाले. मालगुजार म्हणजे गावचा सारा गोळा करून सरकारात भरणारा जमीनदार. मध्य प्रांतातील ही पद्धत १९५०च्या कायद्याने संपली आणि मालगुजारांच्या ताब्यातील तलाव सरकारकडे आले. त्यांतील पुष्कळसे त्याही आधीचे, गोंड राजवटीच्या काळातले असून, तलाव बांधण्याच्या कामात कोहळी समाजाचे कौशल्य विशेष मानले जाते. या तलावांचे पाणी एका बांधीतून दुसऱ्या बांधीत, म्हणजे धानाच्या एका बांधबंदिस्त तुकड्यातून पुढच्या तुकड्यात, उतरत जाते, आणि वरच्याने खालच्यासाठी पाणी सोडले नाही तर खालच्याची रोवणी होत नाही. ज्या गावाचे पोट अशा वाटणीवर भरत आले, त्या गावाला तहानलेल्याला पाणी देणे हा वेगळा उपकार वाटत नाही, असे मानण्यास जागा आहे.

तलावाच्या पाळीवर सायकल टेकवून बसलेल्या माणसाला पहिला प्रश्न येतो तो “कोठून आले जी?” हा. ‘जी’ हा झाडीपट्टीच्या, म्हणजे वैनगंगेच्या खोऱ्यातील जंगल-तलावांच्या पूर्व विदर्भाच्या बोलीतील आदराचा शब्द असून तो लहानथोर, ओळखीचा-अनोळखी असा भेद फारसा पाळत नाही. शहरी कानाला हा प्रश्न चौकशीसारखा वाटतो. वस्तुतः समोरच्याचे गाव कळले की त्या गावी दिलेली लेक, तेथून आलेली सून किंवा तिकडे मजुरीला गेलेला भाचा यांपैकी कोणाचा तरी धागा सापडतो आणि परका माणूस निदान अर्धा सोयरा होतो. उत्तर पुरे होण्याच्या आत पाण्याचा गडवा पुढे आलेला असतो. मग सपरीत बाज टाकली जाते. सपरी म्हणजे घराच्या दर्शनी भागातील, अंगणाकडे उघडी असलेली पडवी. घरात नसलेल्यालाही घराची सावली देणारी ही जागा बांधतानाच कोण्या येणाऱ्यासाठी राखलेली असते, आणि अनोळखी स्वाराला मिळते ती हीच.

झाडीपट्टीतील आतिथ्याचे खरे विद्यापीठ मात्र मंडई हे आहे. भाऊबीजेनंतर, हलका धान घरात आला असताना आणि भारी धानाची कापणी अद्याप चालू असताना, गावोगावी एकेक दिवस ठरवून जत्रेसारखा जो मेळा भरतो त्याला मंडई म्हणतात. त्या दिवशी घरोघरी पाहुणे येतात, त्यांच्याबरोबर त्यांचेही पाहुणे येतात, आणि रात्री दंडार हे नाच, गाणे व संवाद यांचे लोकनाट्य किंवा झाडीपट्टीच्या रंगभूमीवरील एखादे नाटक होते. आलेल्यांपैकी कोण कोणाचा, याचा हिशोब कोणी ठेवत नाही. ज्या घराने दरवर्षी असे ताट वाढले आहे, त्याला एका सायकलस्वारासाठी आणखी मूठभर तांदूळ टाकणे अवघड नसते. तो हात लहानपणापासून तयार झालेला असतो.

वाटसरूची सोय करण्याची ही रीत या खोऱ्यात किती जुनी असावी, याची खूण पवनीला सापडते. तेथील जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये झालेल्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूप उजेडात आला आणि दान देणाऱ्यांची नावे कोरलेले ब्राह्मी लेख मिळाले. पावसाळ्यात एका ठिकाणी राहणे, म्हणजे वर्षावास, आणि उरलेले महिने चालत राहणे, म्हणजे चारिका, असा भिक्षूंचा क्रम होता. त्यांचे चालणे गृहस्थांच्या दानावरच शक्य होते.

या आतिथ्याचे कौतुक करताना त्याची दुसरी बाजू दडवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ज्या गावांनी दूरच्या पाहुण्याला गडवा भरून दिला, त्याच गावांनी पिढ्यान्‌पिढ्या आपल्याच काही शेजाऱ्यांना पाणवठ्यापासून दूर ठेवले. पाण्याच्या हक्कासाठी १९२७ मध्ये महाडला सत्याग्रह करावा लागला, हा महाराष्ट्राच्या आतिथ्याच्या इतिहासाचाही भाग आहे. आजही गाव विचारून झाल्यावर आडनाव विचारले जाते, आणि ते कशासाठी हे सांगणाऱ्याला व ऐकणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असते. सपरीतली जागा खऱ्या अर्थाने उघडी व्हायची तर हा दुसरा प्रश्न थांबला पाहिजे.

शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील आनंदवनाच्या बाबा आमटे यांनी १९८५ मध्ये तरुण-तरुणींना सायकलींवर घेऊन कन्याकुमारी ते काश्मीर ‘भारत जोडो’ यात्रा काढली आणि १९८८ मध्ये इटानगर ते ओखा अशी दुसरी. पाठीच्या व्याधीमुळे ते स्वतः वाहनात आडवे पडून सोबत होते. माणसे जोडण्यासाठी त्यांनी सायकल निवडली, ही निवड अचूक होती. सायकलस्वार दारात येतो तेव्हा घामेजलेला, दमलेला आणि गरजू असतो. त्याला पाहून कोणाला भीती वाटत नाही, आणि त्याला काही देताना देणाऱ्याची गरिबी आड येत नाही.

संध्याकाळी जंगलाच्या कडेच्या गावात “आता समोर जाऊ नका जी” असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा त्या आग्रहात अस्वल-बिबट्यांच्या वाटांचे पक्के ज्ञान असते, आणि स्वाराने ते मुकाट्याने मानावे. नागपूर ते साकोली हे सुमारे १०० किलोमीटरचे अंतर सरावलेला माणूस एका दिवसात कापू शकतो. त्याने त्यासाठी दोन दिवस ठेवावेत, शक्य झाल्यास भाऊबीजेनंतरचे, आणि मधली रात्र महामार्गापासून दूर काढावी.