कमरेला काय बांधलंय?

तुमच्या घरात आठ-दहा वर्षांचं मूल असेल तर हे वाक्य तुम्ही ऐकलंच असेल: "आत्या, मला वेशभूषा स्पर्धेत भाग घ्यायचाय." आत्याच्या जागी आई, मावशी, काका, काहीही घाला. पुढचं वाक्य मात्र प्रत्येक घरात वेगळं असतं. आमच्याकडे ते असं होतं: "आणि मला शिवाजी महाराज किंवा भाजीवाला नाही, स्टॉर्मट्रूपर व्हायचंय."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. १९७७ साली आलेल्या 'स्टार वॉर्स' या सिनेमात डोक्यापासून पायापर्यंत पांढरं चिलखत घातलेले सैनिक आहेत, ते स्टॉर्मट्रूपर. माझ्या आईने फोटो पाहिला आणि म्हणाली, "हा तर फ्रिज चालत आलाय!"

मी इंग्रजीत बीए केलंय आणि पोटासाठी दिवसभर साबणांची आणि गाद्यांची वर्णनं लिहिते. चिलखताशी माझा काडीचा संबंध नाही. पण गणपतीला अजून पंधरा दिवस होते आणि भाच्याने डोळे मोठे केले होते. मग काय! फोमच्या शीट आणल्या, इंटरनेटवरून कागदी साचे काढले. छाती, खांदे, गुडघे, सगळं जमलं. अडलं ते कमरपट्ट्यापाशी.

या पट्ट्यावर बरंच काही असतं. दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या दोन डब्या, पिस्तुलाचं म्यान आणि मागे 'थर्मल डेटोनेटर' नावाची एक आडवी नळी. मी डब्या ग्लू गनने चिकटवल्या. भाच्याने घालून पाहिलं, खाली वाकला, आणि टप! एक डबी खाली. पुन्हा चिकटवली. तो बसला, दुसरी खाली. तिसऱ्या वेळी मी म्हटलं, "जाऊ दे ना, डब्या नकोतच. लांबून कोणाला कळणार आहे?"

तो एकदम गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "आत्या, मला डबीसाठीच तर स्टॉर्मट्रूपर व्हायचंय."

इथे तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या भाच्याला टाइप-१ मधुमेह आहे. सहाव्या वर्षी कळलं. गोड जास्त खाल्ल्याने हा होत नाही. शरीरात इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशीच नष्ट होतात, म्हणून इन्सुलिन बाहेरूनच घ्यावं लागतं. त्याच्यासोबत कायम एक पाऊच असतो. त्यात साखर तपासायचं मीटर, पट्ट्यांची बाटली, बोटाला टोचायचं पेन आणि ग्लुकोज. गेल्या वर्षी काही मुलांनी त्या पाऊचला "लेडीज पर्स" म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून त्याने तो दप्तराच्या तळाशी लपवायला सुरुवात केली. एके दिवशी तर घरीच ठेवून गेला, आणि खेळाच्या तासाला घाम फुटून, हात थरथरत खाली बसला. वेळेवर कोणाच्या तरी डब्यातला लाडू मिळाला म्हणून निभावलं.

पाऊच कमरेला लावला तर पर्स, पण स्टॉर्मट्रूपरच्या कमरेला लागला तर ते शस्त्र! एवढा विचार त्या नऊ वर्षांच्या डोक्याने केला होता, आणि मी डब्याच काढून टाकायला निघाले होते.

आता ती डबी पडून चालणार नव्हती. आणि नुसती घट्ट बसूनही चालणार नव्हतं, कारण गरज पडली की एका हाताने, पटकन उघडायला हवी होती.

आम्ही सदर बाजारात राहतो. रायपूरची ही जुनी सराफ्याची पेठ. घराखाली उतरलं की सोन्या-चांदीची दुकानं, आणि थोडं पुढे पायरीवर बसून दागिने ओवणारे पटवाकाका. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून, तो ताणून गाठी मारत असतात. मी तो पट्टा घेऊन त्यांच्यासमोर जाऊन बसले. त्यांनी तो उलटसुलट केला, हसले आणि छत्तीसगढीत म्हणाले, "नोनी, गोंद म वजन नइ टिकय." म्हणजे, पोरी, डिंकावर वजन टिकत नाही.

मग त्यांनी मला एक चांदीची करधन दाखवली. इथल्या बायका कमरेला घालतात ती, चांगली वजनदार. एवढं वजन एका जागी कुठेच नव्हतं. शेजारी शेजारी अनेक साखळ्या, आणि प्रत्येक साखळी आपापल्या कडीत. फोम वाकला की डिंक कडेपासून सुटत जातो. कडी मात्र वाकण्याबरोबर हलते. माझी चूक समजली. मी वजन दिखाऊ भागावर टाकत होते.

घरी येऊन हे सांगितलं तर आई काही न बोलता कपाटाकडे गेली आणि आजीचा चांदीचा छल्ला घेऊन आली. तुमच्याही आजीकडे असेल बघा, कमरेला खोचायचा, किल्ल्या अडकवायचा. पुढे नक्षी दिसते, पण मागे एक चपटी जीभ असते, ती लुगड्याच्या आत जाते. सगळा भार ती जीभ आणि कंबर घेते. नक्षी फक्त मिरवते!

मग आमचा पट्टा असा झाला. तुम्हाला कधी करायचा असेल तर लक्षात ठेवा.

सगळ्यात आत खाटेची जाड सुती नवार. खरा पट्टा हाच, आणि सगळं वजन यालाच. पांढरा फोमचा पट्टा वरून फक्त चार टिचबटणांनी लावलेला. बॅगा दुरुस्त करणाऱ्याने ती बटणं ठोकून दिली, आणि फोम फाटू नये म्हणून प्रत्येक बटणामागे एक वॉशर घातला. पिस्तुलाचं म्यान दोन ठिकाणी अडकवलं. एकाच ठिकाणी अडकवलं की ते गोल फिरतं. मागची नळी म्हणजे राखाडी पीव्हीसी पाइपचा तुकडा, पत्र्याच्या दोन क्लिपांवर. डावीकडची डबी रुंद इलॅस्टिकवर लोंबती, म्हणजे बसताना मांडीवर आपटली तरी वर सरकते.

आणि उजवीकडची डबी, खरी डबी, आजीच्या छल्ल्यासारखी. मागे चपटी पट्टी, ती नवारीत खोचायची, वर एक टिचबटण. झाकणाला वेल्क्रो. आत मीटर, पट्ट्यांची बाटली, पेन आणि मोजून ठेवलेलं ग्लुकोज. इन्सुलिन मात्र डबीत नाही. रायपूरची उष्णता, त्यात बंद डबी आणि अंगाची ऊब. उष्णतेने इन्सुलिन खराब होतं. ते वहिनीच्या थंड पिशवीतच राहिलं.

चाचणी आईने घेतली: दहा उड्या, एकदा जिना वर-खाली आणि आरतीला बसतात तशी मांडी. काहीही पडलं नाही.

स्पर्धेच्या दिवशी नंबर यायला खूप वेळ लागला. अकरावा नंबर चालू असताना भाच्याने हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं. चेहरा पांढरा पडला होता. मी उठायच्या आत त्याने डबी उघडली, बोट टोचलं, मीटर पाहिलं. ६४. सत्तरच्या खाली आलं की पंधरा ग्रॅम ग्लुकोज घ्यायचं आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, हे आमच्या डॉक्टरांनी त्याला शिकवलंय. त्याने तेच केलं, सगळ्यांच्या समोर. शेजारचा छोटा हनुमान गदा खाली ठेवून पाहत होता. त्याने विचारलं, "हे काय आहे रे?" भाचा म्हणाला, "माझी एनर्जी तपासतोय." हनुमान म्हणाला, "मला पण दाखव ना!"

बक्षीस त्या हनुमानाला मिळालं. आमच्या फ्रिजला काहीच नाही.

नंतर वाचनात आलं की १९९७ साली अमेरिकेत अल्बिन जॉन्सन यांनी '५०१वी लीजन' नावाची संस्था सुरू केली. घरी बनवलेली हीच चिलखतं घालून तिचे स्वयंसेवक मुलांच्या रुग्णालयांतही जातात. मी भाच्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "मग त्यांना आपल्या डबीचा फोटो पाठव. त्यांच्या डब्या रिकाम्या असतात."

चिलखत आता माळ्यावर आहे. नवारीचा पट्टा आणि उजवीकडची डबी मात्र रोज शाळेत जाते, शर्टाच्या वरून. वेल्क्रो सैल झालंय, या रविवारी बदलायचंय. तुमच्याकडे वेल्क्रोपेक्षा टिकाऊ, पण एका हाताने उघडणारी काही युक्ती असेल तर मला नक्की सांगा.