ब्लॉक मिळाला का?

वर्षानुवर्षं न बदललेली बातमी: ओव्हरहेड वायर तुटली, लोकलसेवा विस्कळीत. प्रवाशांचे हाल किती झाले ते सविस्तर असतं. वायर का तुटली, कोणी जोडली, हे मात्र कधीच नसतं. फार तर ‘दुरुस्ती युद्धपातळीवर’.

*

३ फेब्रुवारी १९२५. व्हीटी ते कुर्ला, हार्बर मार्गाने, देशातली पहिली विजेची गाडी. १५०० व्होल्ट, डीसी. पाच-सहा वर्षांत घाटही झाले. कसाऱ्याचा आणि बोरघाटाचा १:३७ चा चढ वाफेच्या इंजिनांचा जीव काढत होता, म्हणून कल्याणच्या पुढे एक तार इगतपुरीला गेली आणि एक पुण्याला. तेवढी वीज आणायची कुठून? रेल्वेने ठाकुर्लीला, चोळ्यात, स्वतःचं वीजघरच बांधलं. १९३० च्या जूनमध्ये दख्खनची राणी धावली ती याच तारेखालून.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा देशभरात विजेवरचा मार्ग होता ३८८ किलोमीटर. त्यातला बहुतेक आपल्याकडचा.

*

पहिलं असण्याचा भुर्दंडही आपल्यालाच. १९५७ मध्ये रेल्वेने फ्रेंचांच्या पद्धतीने २५,००० व्होल्ट एसी घ्यायचं ठरवलं. हिशेब साधा आहे: व्होल्टेज सोळा-सतरा पट वाढवलं की तेवढ्याच ताकदीसाठी करंट तितक्याच पटीने कमी लागतो. तार बारीक चालते, आणि डीसीला दर काही किलोमीटरवर लागणारं सबस्टेशन चाळीस-पन्नास किलोमीटरवर गेलं तरी भागतं. सगळा देश नव्या पद्धतीने बांधला गेला. मुंबई मात्र जुन्या डीसीत अडकून राहिली. दोन्ही विजांवर चालणारी खास इंजिनं बनवावी लागली. पश्चिम रेल्वे २०१२ मध्ये सुटली, मध्य रेल्वेची मुख्य मार्गिका २०१५ मध्ये, हार्बर एप्रिल २०१६ मध्ये. आणि हे सगळं लोकल चालू ठेवून, रात्रीच्या दोन-अडीच तासांच्या तुकड्यांत. या कामाचं कौतुक कुठे फारसं वाचल्याचं आठवत नाही.

*

गाडीच्या खिडकीतून बघण्यासारखी गोष्ट. वरची तार रुळांच्या मधोमध सरळ जात नाही. सरळ मार्गावरसुद्धा ती एका खांबाला वीस सेंटिमीटर डावीकडे, पुढच्याला तेवढीच उजवीकडे ओढलेली असते. तसं नसतं तर पँटोग्राफच्या, म्हणजे टपावरून तारेला टेकून वीज घेणाऱ्या सांगाड्याच्या, पट्टीला एकाच जागी खाच पडून ती चिरली असती. दर दीड-एक किलोमीटरला खांबाशी कप्पीवरून लोंबणारी जड वजनं दिसतात, ती तार ताणून धरण्यासाठी. उन्हाळ्यात तांबं पसरतं, वजनं खाली येतात. थंडीत वर चढतात.

*

तारेचे शत्रू: कावळे (घरट्यात काटक्यांबरोबर लोखंडी तारेचे तुकडेही आणतात), संक्रांतीचा मांजा, वाऱ्याने उडालेला फ्लेक्स, जूनमधल्या पहिल्या पावसात मोडलेली फांदी. कोकणात याशिवाय खारा वारा आणि बोगद्यांतलं झिरपणारं पाणी. रोहा ते ठोकूर, ७४१ किलोमीटर, २०२२ मध्ये विजेवर आले. उद्घाटनाचे फोटो निघाले. चिनीमातीचे इन्सुलेटर पुसायला जाणाऱ्यांचे कोण काढणार?

*

काम सुरू होण्याआधीचं काम. आधी गाड्या थांबवणारा ट्रॅफिक ब्लॉक, मग वीज तोडणारा पॉवर ब्लॉक. ट्रॅक्शन पॉवर कंट्रोलर, म्हणजे टीपीसी, दूर कुठेतरी बसून त्या तुकड्याची वीज तोडतो. खातरजमेसाठी फोनवर ‘प्रायव्हेट नंबर’ म्हणजे सांकेतिक आकड्यांची देवघेव होते. मग कामाचं परमिट. तरीही तारेला हात लावायचा नाही. कामाच्या दोन्ही बाजूंना डिस्चार्ज रॉड अडकवून तार जमिनीशी जोडायची, आणि मगच वर चढायचं. कारण शेजारच्या मार्गावर वीज चालूच असते. बंद तारेतही तिच्यामुळे माणूस मारण्याइतका दाब उतरू शकतो. जुने लाइनमन नव्यांना पहिल्यांदा हेच शिकवतात: बंद आहे असं कोणी सांगितलं म्हणून ती बंद नसते.

काम झालं की माणसं मोजायची, हत्यारं मोजायची, रॉड काढायचे, परमिट परत. एखादी गाडी उशिरा आली की ब्लॉक उशिरा मिळतो. संपायची वेळ मात्र हलत नाही. म्हणजे घाई. आणि पंचवीस हजार व्होल्टच्या कामात घाई परवडत नाही.

रविवारच्या मेगाब्लॉकवर आपण सगळे चरफडतो. मी त्याच्या बाजूचा आहे.

*

१३ फेब्रुवारी २०२३, पहाटे, लासलगावजवळ. ओव्हरहेड वायरच्या देखभालीची टॉवर वॅगन रुळांवर काम करणाऱ्या ट्रॅकमनांवर गेली. चौघे गेले. गाडी वीज विभागाची, माणसं रुळांच्या विभागाची. एकाच मार्गावर दोन खाती काम करत असताना कोण कोणाला काय कळवतं, हा प्रश्न तिथे उघडा पडला.

दहाच दिवसांनी, २३ फेब्रुवारीला, औसा रोड–लातूर रोड या शेवटच्या ५२ किलोमीटरवर वीज आली आणि मध्य रेल्वेच्या ब्रॉडगेजचं विद्युतीकरण शंभर टक्के झालं.

*

२०१४ पर्यंत, म्हणजे नव्वद वर्षांत, देशात सुमारे २१,८०० किलोमीटर. पुढच्या दहा-अकरा वर्षांत त्यात ४५,००० हून अधिकची भर. हा वेग खरोखर थक्क करणारा आहे, डिझेलचा खर्च वाचला हेही खरं. पण तार ओढून झाली की काम संपत नाही, तिथून सुरू होतं. दुप्पट-तिप्पट तार म्हणजे दुप्पट-तिप्पट वजनं, इन्सुलेटर, कावळे. माणसं?

२०२३ मध्ये रेल्वेत रिकाम्या जागा अडीच लाखांच्या घरात होत्या, सगळे विभाग मिळून.

*

रेल्वेची २०१९ ची ग्रुप डी भरती. जागा एक लाख तीन हजारांवर, अर्ज एक कोटी पंधरा लाखांच्या आसपास. परीक्षा झाली २०२२ मध्ये. या भरतीच्या पदांच्या यादीत ‘असिस्टंट, टीआरडी’ असं एक पद असतं. टीआरडी म्हणजे ट्रॅक्शन डिस्ट्रिब्यूशन, अर्थात ही तार. दहावीची गणितं सोडवून आलेल्या पोराला खांबावर चढायची भीती वाटते की नाही, हे कुठल्याच प्रश्नपत्रिकेत विचारत नाहीत. ते पहिल्या रात्री कळतं.

*

एक उपयोगाची गोष्ट. प्रत्येक खांबावर आकडा रंगवलेला असतो: वर किलोमीटर, खाली त्या किलोमीटरातला खांबाचा क्रमांक. तारेला काही लोंबताना दिसलं तर ‘बदलापूरच्या थोडं पुढे’ असं सांगू नये. तो आकडा सांगावा.