स्टेशनपर्यंत चालत जाता येईल असे घर

तळोज्याला राहायला येण्याआधी आम्ही शिळफाट्याजवळ भाड्याने राहत होतो. नवऱ्याची नोकरी बेलापूरला, मालवाहतुकीच्या एका ऑफिसात हिशेबाची. मी नेरूळला पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन. शिळफाटा निवडण्याचे कारण एकच, भाडे. नेरूळला एक खोली मिळेल तेवढ्या पैशात तिथे वन बीएचके मिळाला.

दलाल म्हणाला होता, "स्टेशन दहा मिनिटांवर आहे." ते रात्री उशिरा, रस्ता मोकळा असताना, रिक्षाने. सकाळी शेअर रिक्षा भरेपर्यंत थांबायचे, गर्दीतून दिव्याला पोचायचे, तिथून ठाणे आणि ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने परत खाली नेरूळ. एवढा वळसा कोण घालणार? आम्ही हप्त्यावर बाईक घेतली. दोघांच्या वेळा जुळेनात, म्हणून वर्षभरात माझ्यासाठी स्कूटीही घेतली. गाडी चालवायची आम्हाला काही हौस नव्हती. घर स्वस्त होते, पण तिथून गाडीशिवाय निघता येत नव्हते. आमच्या बिल्डिंगमध्ये घरटी दोन दुचाक्या होत्या, त्याही याच कारणाने.

शिळफाट्याला कल्याणचा रस्ता, मुंब्रा बायपास आणि महापेचा रस्ता एकत्र येतात. उरणच्या बंदराकडचे कंटेनरवाले ट्रेलर तिथूनच जातात. 2018 च्या उन्हाळ्यात बायपास दुरुस्तीसाठी बंद झाला आणि कोंडी आणखी वाढली. त्याच पावसाळ्यात नवऱ्याची बाईक खड्ड्यात घसरली. मागचा ट्रेलर वेळेत थांबला. मनगट मोडले, त्यावर निभावले. पण नंतर कितीतरी महिने त्याला यायला थोडा उशीर झाला तरी माझ्या पोटात गोळा यायचा. मुलाला जेवायला वाढताना लक्ष फोनकडे असायचे.

त्याच वेळी नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची 14,838 घरांची योजना निघाली होती. तळोजा, खारघर, कळंबोली, घणसोली आणि द्रोणागिरी अशी ठिकाणे होती. आमचे दोघांचे उत्पन्न मिळून अल्प उत्पन्न गटात बसत होते. त्या गटाचे घर 29.82 चौरस मीटर चटईक्षेत्राचे. आम्ही तळोज्यासाठी फॉर्म भरला. लॅबमधल्या मावशी म्हणाल्या, "अगं, तळोज्याला? तिथे रात्री रिक्षा तरी मिळते का?" शंका रास्त होती. पण नकाशात मेट्रोची रेघ दिसत होती आणि खांबही उभे राहिले होते. 2 ऑक्टोबर 2018 ला सोडत निघाली, त्यात आमचे नाव लागले.

ज्यांना पुढे फॉर्म भरायचा आहे त्यांनी अधिवास प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवावा. सेतू केंद्रात अशा वेळी रांगा लागतात, आणि जुन्या पत्त्याचा एखादा पुरावा हमखास कमी पडतो. मला त्यासाठी शाळेच्या दाखल्यापासून कागद जमवावे लागले. घर घेताना हप्ता किती बसेल हे आपण बघतोच, पण त्याच कागदावर दोघांचा जाण्यायेण्याचा खर्चही लिहावा. आम्ही तो लिहिला तेव्हा कळले, की शिळफाट्याला भाड्यात वाचत होते त्यातले बरेचसे पेट्रोल, सर्व्हिसिंग आणि गाड्यांच्या हप्त्यांत जात होते.

मध्ये कोरोना आला. ताबा मिळाला 2021 मध्ये. घर लहान, पण हवेशीर आणि आमचे. पहिल्या रात्री मला आनंदाने झोप लागली नाही.

मेट्रो मात्र अजून धावत नव्हती. काम 2011 पासून सुरू होते. जवळ दिवा-पनवेल मार्गावरचे तळोजे पांचनंद स्टेशन होते, पण तिथे दिवसाला मोजक्याच गाड्या थांबतात. स्टेशन जवळ असणे आणि कामाच्या वेळी गाडी मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बसला गर्दी, आणि खारघर स्टेशनपर्यंतची रोजची रिक्षा परवडणारी नव्हती. म्हणून नव्या घरात येऊनही दोन्ही गाड्या रस्त्यावरच राहिल्या. नवऱ्याच्या ऑफिसातले एक काका तेव्हा सांगायचे, "आम्ही वाशीला राहायला आलो तेव्हा लोकल नव्हती. ती 1992 ला आली." सिडको 1970 ची आणि खाडी ओलांडून वाशीला लोकल आली 1992 ला. मधली बावीस वर्षे माणसे बसने आणि स्वतःच्या गाड्यांनीच गेली. घरे आधी आणि गाडी नंतर, असे झाले की लोकांना दुचाकीची सवय लागते. मग गाडी सुरू झाली तरी ती सवय लगेच सुटत नाही, हे मी आमच्याच सोसायटीत पाहिले.

17 नोव्हेंबर 2023 ला बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाली. अकरा स्टेशने. सुरुवातीला सकाळी सहा ते रात्री दहा, दर पंधरा मिनिटांनी. पेंधर स्टेशन आमच्या घरापासून चालत जाण्याइतके जवळ आहे. नवरा बेलापूरला उतरून ऑफिसला चालत जातो. मी तिथेच लोकल पकडते, मध्ये सीवूड्स आणि पुढचे नेरूळ. सकाळी घरून निघताना आता हेल्मेट, रेनकोट आणि छातीतली धडधड घेऊन निघावे लागत नाही.

तरी पहिले काही महिने आमच्या मजल्यावरचे बरेच जण बाईकनेच जात. पूर्ण प्रवासाचे तिकीट 40 रुपये होते. नवरा-बायको दोघे मेट्रोने गेले तर पेट्रोलपेक्षा जास्त खर्च. 2024 मध्ये तेच तिकीट 30 रुपये झाले. तेवढ्याने फरक पडला. समोरच्या फ्लॅटमधल्या दादांनी तेव्हापासून मेट्रो धरली. परवडणारे घर द्यायचे असेल तर तिकीटही त्याच माणसाच्या खिशाला झेपायला हवे, हे मला त्यांच्याकडे बघून पटले.

दुसरी अडचण होती चालण्याची. स्टेशनपासून आमच्या इमारतींपर्यंतचा रस्ता अंधारा होता आणि पदपथ मध्येच संपत होता. लॅबमधून उशीर झाला की मला त्या वाटेची भीती वाटायची. नवरा बाईक घेऊन न्यायला यायचा, म्हणजे पुन्हा गाडी निघालीच. शेवटी आम्ही सोसायटीतल्या बायकांनी एकत्र अर्ज लिहिला. कुठल्या खांबावर दिवा नाही आणि कुठे फरशी उखडली आहे, ते फोटोंसह दिले. नुसते "रस्ता खराब आहे" असे लिहिले तर अर्ज फिरत राहतो. जागा नेमकी दाखवली की काम करणाऱ्यालाही सोपे जाते. दिवे लागले. पदपथ अर्धाच झाला आहे, त्याचा पाठपुरावा चालू आहे. पण स्टेशनहून निघालेल्या बायका आता घोळक्याने चालत येतात, त्यामुळे वाट निर्मनुष्य राहत नाही.

स्कूटी आम्ही विकली. बाईक ठेवली आहे, दवाखाना आणि बाजारासाठी. सगळ्यांचे असे झाले नाही. खालच्या मजल्यावरचे भाऊ तळोजा एमआयडीसीत वेल्डिंग करतात, त्यांच्या वाटेवर मेट्रो नाही. एक शेजारी सिक्युरिटीत आहेत, त्यांची ड्युटी शेवटची गाडी गेल्यावर सुटते. म्हणून घर बघायला जाणाऱ्यांना मी सांगते, रविवारी दुपारी जाऊ नका. कामाच्या दिवशी, स्वतःच्या ड्युटीच्या वेळेला जा. स्टेशनपासून इमारतीच्या गेटपर्यंत स्वतः चाला. पहिली आणि शेवटची गाडी विचारा.

2024 च्या दसऱ्याच्या सुमाराला सिडकोची नवीन योजना निघाली तेव्हा नणंदेनेही फॉर्म भरायचे ठरवले. तिची नोकरी वाशीला. तिला मानसरोवर हवे होते, कारण स्टेशन अगदी लागून आणि लोकल थेट. पुढे किमती जाहीर झाल्या. तळोज्यातली घरे पंचवीस-सव्वीस लाखांपासून, आणि मानसरोवर, खांदेश्वरची चाळीस लाखांच्या वर. तेही आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकासाठी, ज्यांच्या कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला सहा लाखांच्या आत आहे. तिने बँकेत विचारले, हप्ता बसेना. ती माझ्याजवळ रडली. मला वाईट वाटले आणि रागही आला. ज्यांना गाडी परवडत नाही त्यांना स्टेशनजवळचे घर सर्वांत आधी मिळायला हवे. त्यांनाच लांब ढकलले की ते कर्ज काढून बाईक घेणार आणि सायन-पनवेल महामार्गावर आणखी एक गाडी वाढणार. रस्ते कितीही रुंद केले तरी ती गाडी कमी होत नाही.

शेवटी तिने तळोज्याचा पर्याय भरला. त्याआधी एका सोमवारी सकाळी ती माझ्याबरोबर आली. पेंधरहून बेलापूर, तिथून लोकलने वाशी. मी मध्ये नेरूळला उतरले. वाशीला उतरल्यावर तिने मला फोन केला, "वहिनी, एकदा गाडी बदलावी लागते, पण बसायला मिळालं. हप्ता आणि तिकीट मिळून भागेल."